न खुपलेला कण

मित्रांनो, मी धार लावायचा एक जुना दगड आहे. कुणी मला सहाण म्हणते, कुणी नुसते चाक. एके काळी मी जेवणाच्या ताटाएवढा होतो, आता चहाच्या बशीएवढा उरलो आहे. दुकानाच्या खिडकीत, खिळ्यांच्या डब्याशेजारी मला ठेवले आहे. समोर मोटारीवर नवा दगड फिरतो. त्याचा आवाज माझ्यापेक्षा गोड आहे, असे सगळे म्हणतात. म्हणोत बापडे. नव्याचे नऊ दिवस मीही पाहिले आहेत.

माझी सगळी हकिगत तुम्हाला सांगेन. पण खरे सांगायचे तर तिच्यात सांगण्यासारखी गोष्ट एकच आहे, आणि तिच्याजवळ जायला मी अजून भितो. म्हणून जरा लांबून येतो.

माझा जन्म भट्टीत झाला. पोलादालाही ओरखडा काढतील असे लाखो टोकदार कण मातीत कालवले, साच्यात दाबले आणि भाजून काढले. म्हणजे दिसायला मी एकटा, पण आहे मोठे खटले. आम्हाला घडवतात तेच झिजण्यासाठी. कात्री अंगावर टेकली की तिचे थोडे पोलाद जाते आणि माझे थोडे कण सुटतात. बोथट झालेला गळतो, मागचा ताजा पुढे येतो. याचे मला कधी वाईट वाटले नाही.

आता एक गोष्ट सांगतो, पटली तर घ्या. माझ्यापासून सुटलेला कण कुठे गेला, हे मला कळते. दुसऱ्या खोलीत निजलेले लेकरू कुशीवर वळले तरी आईला कळते ना, तसे. कुणी फरशीच्या फटीत आहे, कुणी अण्णांच्या जुन्या शर्टाच्या शिवणीत. एक जण भिंतीवरच्या घड्याळाच्या काचेमागे वर्षानुवर्षे बसून आहे. रिकाम्या दुपारी मी सगळ्यांची हजेरी घेतो. घेता घेता एका जागी अडखळतो, आणि मग पुढे जाववत नाही.

अण्णा म्हणजे माझे मालक. दुकानाचे मालक तेच, कारागीर तेच आणि झाडूवालेही तेच. आमची गल्ली कारागिरांची. समोर टेलरमास्तर, पलीकडे सुतार, कोपऱ्यावर चपला शिवणारा, आणि बागेतला माळी आठवड्यातून एकदा यायचा. सगळ्यांची हत्यारे माझ्यावरून जायची. अण्णांची थोरली लेक मागच्या खोलीत सुऱ्यांना मुठी बसवायची. हात बापाचा आणि जीभ आईची, असे मास्तर तिच्याविषयी म्हणत.

धार लागली की नाही, हे अण्णा बोटाने कधी पाहत नसत. पाते खिडकीच्या उजेडात धरायचे, डावा डोळा मिटायचा आणि उजव्याने पात्याच्या कडेवरून नजर फिरवायची. जिथे कड बोथट असते तिथे उजेड टेकतो आणि पांढरी रेघ चमकते. खऱ्या धारेवर उजेडाला टेकायला जागाच नसते. "धार दिसली, म्हणजे धार नाही," असे ते प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला सांगायचे. जुन्या गिऱ्हाइकांनाही सांगायचे. त्यांचे ऐकून ऐकून कान किटले होते, पण अण्णांच्या उजव्या डोळ्यावर कुणी कधी शंका घेतली नाही.

माझ्यासमोर खिळ्याला जाड काचांचा एक गॉगल टांगलेला होता. त्यात एका कोळ्याने संसार थाटला होता. "त्याचं घर कशाला मोडायचं?" असे म्हणून अण्णा उघड्या डोळ्यांनी कामाला बसायचे.

माझ्या पहिल्याच आठवड्यात माझा एक कण त्यांच्या डोळ्यात गेला होता. काय तो गोंधळ! स्टूल उलटले, कात्री पडली. काकूंनी, म्हणजे अण्णांच्या बायकोने, वाटीभर पाणी आणून डोळा धुतला आणि कण वाहून गेला, तरी दोन दिवस अण्णांच्या डोळ्याला धार लागलेली. "डोळा म्हणजे घरातली सासू," अण्णा नाक पुसत म्हणाले, "एवढंसं काही खुपलं की घर डोक्यावर घेते." काकूंनी त्यांच्याकडे असे पाहिले की धार लावायला मीही लागलो नसतो. पण ती सासू घराची राखण करत होती, हे तेव्हा कुणाच्या ध्यानात आले नाही.

पुढे काही वर्षांनी अण्णांना साखर निघाली. गोळ्या आल्या, बिनसाखरेचा चहा आला. गोळ्या आठवल्या तर घ्यायचे, आणि समोर मास्तरांकडे जाऊन गोड चहा पिऊन यायचे. मास्तरांनाही साखर होती. दोघांनी एकमेकांना सांभाळून घेतले, म्हणजे एकमेकांचे बिंग फोडले नाही. कधी अण्णांना लांबचे धूसर दिसे, कधी त्यासाठी घेतलेला चष्मा नकोसा होई. साखर वर-खाली झाली की नजरेचा नंबरही बदलतो, हे ठाऊक नसल्यामुळे ते चष्मेवाल्याशी दोनदा भांडून आले.

वर्षातून एकदा डोळ्यांच्या शिबिराला मात्र ते नेमाने जात. साखरेने डोळ्याचा पडदा जातो, एवढे त्यांच्या मनात पक्के बसले होते. तिथे थेंब घालून, आत दिवा मारून पडदा तपासत. "पडदा स्वच्छ," अशी चिठ्ठी मिळाली की अण्णा ती चिकटपट्टीने भिंतीवर लावायचे. दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला ती चिठ्ठी दाखवून व्हायची. तिच्या तळाशी बारीक अक्षरात आणखी एक ओळ होती, पण ती पट्टीखाली गेली होती.

मग एके वर्षी अण्णांच्या डोळ्यात खुपायचे बंद झाले.

एकदम नाही झाले. आधी कण गेला की ते नुसते डोळा चोळायचे, मग नुसते मिचकवायचे. मग तेही थांबले. मला कळत होते, कारण कण जायचे थांबले नव्हते. ते पापणीत अडकत, कधी आपोआप वाहून जात, आणि अण्णा शीळ घालत काम करत राहत. एकदा मास्तरांसमोर त्यांच्या डोळ्यात लोखंडाचा एवढा मोठा कीस उडाला की मास्तर स्वतःच ओरडले. अण्णांनी शांतपणे रुमालाच्या टोकाने तो काढला.

"दुखलं नाही?" मास्तरांनी विचारले.

अण्णांनी आपला तळहात पुढे केला. "हे बघ. घट्टे पडलेत ना? सुरुवातीला फोड यायचे. तसाच डोळाही कणखर झाला. घट्टा पडला त्याला."

"वस्ताद, मानलं तुला! पोलादी डोळा!" मास्तर म्हणाले, आणि तासाभरात ही वार्ता गल्लीभर झाली.

मित्रांनो, त्या दिवसांत मीही फुशारलो होतो, हे कबूल करतो. मला वाटले, हा माझाच पराक्रम. मी वर्षानुवर्षे घासून या माणसाचा डोळासुद्धा कणखर केला. गल्लीत कुणी पाहुणा आला की त्याला आमच्या दुकानात आणत. अण्णा कापसाची बारीक शेंडी वळायचे, डोळा ताणून उघडायचे आणि ती शेंडी थेट बुबुळाला टेकवायचे. पापणी लवायची नाही. पाहुणे शहारायचे, मास्तर टाळी द्यायचे, आणि अण्णा राजासारखे स्टुलावर बसायचे. आता त्या टाळ्या आठवल्या की अंगावर काटा येतो.

त्याच सुमारास एकदा अण्णा बाहेरून घरी आले तेव्हा त्यांच्या एकाच पायात चप्पल होती. दुसरी वाटेत कुठे निसटली, त्यांना पत्ताच नव्हता. काकू हसून हसून बेजार झाल्या. "उद्या डोकं विसरून याल!" त्या म्हणाल्या. अण्णाही हसले. विसराळूपणाचा तो किस्सा पुढे महिनाभर पुरला.

आता ती गोष्ट.

दुपारची वेळ होती. माळ्याची कुंपण छाटायची मोठी कात्री आली होती. अण्णांनी पाते टेकवले, ठिणग्या उडाल्या, आणि माझा एक कण सुटून वर गेला. मला ऊब लागली. ओल लागली. मग वरून काहीतरी मऊ आले, कणावरून सरकले आणि मागे गेले. ती पापणी होती. कण उजव्या डोळ्याच्या काळ्या बुबुळात रुतला होता.

मी वाट पाहिली. आता स्टूल उलटेल, आता काकूंना हाक जाईल. अण्णांनी कात्री उलटी केली आणि शीळ घालत दुसरे पाते टेकवले.

संध्याकाळी दुकान बंद झाले, तरी कण तिथेच होता. दुसऱ्या दिवशीही होता. पापणी दिवसातून हजारो वेळा त्याच्यावरून जायची, आणि प्रत्येक वेळी तो मला सांगायचा, मी इथे आहे, मी इथे आहे. मी मोटारीवर गरगर फिरत ओरडत होतो. लोकांना ती माझी नेहमीची घरघर वाटली.

तिसऱ्या दिवशी काकूंनी पाहिले. "अहो, डोळा केवढा लाल झालाय!"

"असेल. दुखत नाही काही."

"खुपतंय?"

"अजिबात नाही. आणि पडदा स्वच्छ आहे माझा." अण्णांनी भिंतीकडे बोट केले. तरी काकूंच्या समाधानासाठी औषधाच्या दुकानातून लाली जायचे थेंब आणले. लाली थोडी गेली, आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. माझा मात्र पडला नाही. कणाभोवतीची ओल आता दाट होऊ लागली होती. स्वच्छ पाण्यात दुधाचा थेंब पडावा तसे तिथे काहीतरी पांढरे पसरत होते. कुणी त्या डोळ्यात नीट निरखून पाहिले असते तर दिसले असते. पण न दुखणाऱ्या डोळ्यात कोण निरखून पाहतो?

नवव्या दिवशी मास्तर तणतणत आले. आदल्या दिवशी त्यांची मोठी कात्री धार लावून गेली होती. त्यांच्या हातात रेशमी कापडाचा तुकडा होता, उंदराने कुरतडावा तसा. "वस्ताद, ही धार लावलीस की करवत केलीस?"

अण्णा चिडले. त्यांनी कात्री घेतली, खिडकीशी नेली, डावा डोळा मिटला. "कुठं काय चमकतंय? एक रेघ नाही. दिसत नाही म्हणजे धार आहे!"

आवाज ऐकून थोरली बाहेर आली. तिने कात्री स्वतःच्या हातात घेतली आणि उजेडात धरली. "बाबा, अख्ख्या पात्यावर पांढरी रेघ आहे," ती हळूच म्हणाली. मग तिने बापाच्या डाव्या डोळ्यावर आपला तळवा ठेवला आणि दुसऱ्या हाताची बोटे समोर धरली. "किती आहेत, सांगा."

अण्णा म्हणाले, "आधी दिवा तर लाव."

भर दुपार होती. खिडकी सताड उघडी होती. मास्तरांच्या हातातला कापडाचा तुकडा खाली पडला.

थोरलीने त्यांना तसेच डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेले. मी मोटारीवरच होतो, पण माझा कण त्यांच्याबरोबर होता, म्हणून पुढचे मला ठाऊक आहे. बाईंनी अण्णांची हनुवटी यंत्रावर टेकवली. डोळ्यात पिवळे औषध घातले, निळा उजेड सोडला, आणि कणाभोवतीची जखम हिरवीगार पेटून उठली.

"किती दिवस झाले?" त्यांनी विचारले.

"कशाला?" अण्णा म्हणाले.

बाईंनी कापसाची बारीक शेंडी वळली आणि अण्णांच्या चांगल्या, डाव्या डोळ्याच्या बुबुळाला टेकवली. पापणी जराशी उशिरा लवली. मग नवी शेंडी घेऊन उजव्याला टेकवली. काहीच झाले नाही. अण्णांना ओळखीचे काहीतरी सापडले. "हे तर मी रोज करून दाखवतो," ते हसून म्हणाले. टाळी पडायची ती वेळ होती. बाईंनी तिसरी शेंडी वळून थोरलीच्या डोळ्याला लावली मात्र, ती खुर्चीवरून उडालीच, आणि तिच्या गालावरून पाणी वाहू लागले.

"असं व्हायला हवं," बाई म्हणाल्या. "तुमचा डोळा कणखर झाला नाही, अण्णा. तो मुका झालाय. डोळ्याच्या समोरच्या भागात, या काचेत, बारीक नसा असतात. दुखलं की त्या ओरडतात. साखर वर्षानुवर्षं चढी राहिली की त्या ओरडायच्या थांबतात. पायाचंही तसंच होतं. चप्पल निसटली तर कळतं का तुम्हाला?"

थोरलीने तोंडावर हात दाबून धरला.

"पण पडदा स्वच्छ आहे माझा!" अण्णांचा आवाज चढला होता. "दर वर्षी तपासतो!"

"आहेच स्वच्छ. घराची मागची भिंत शाबूत आहे. पुढचं दार कुजलंय." मग बाईंचा आवाज मऊ झाला. "साखरेनं नुसता पडदा जात नाही. मोतीबिंदू लवकर येतो, डोळ्यातला दाब वाढू शकतो, डोळा कोरडा पडतो, आणि असा मुकाही होतो. दुखत नाही म्हणून कुणी येत नाही."

त्यांनी कण काढला आणि स्टीलच्या वाटीत ओल्या कापसावर ठेवला. तिथून तो कुठे गेला, मला माहीत नाही. लाखो कणांतला तो एकच असा आहे, की ज्याचा ठावठिकाणा मला लागत नाही. हजेरी घेताना मी अडखळतो तो इथे.

पुढचे आठवडे दुकान बंद होते. तासातासाला थेंब घालूनही जखम भरेना. साखर चढी असली की जखमेला भरायची घाई नसते. शेवटी उजव्या पापण्यांना टाके घालून त्या अर्ध्या शिवून टाकल्या, म्हणजे आतला डोळा झाकून राहील. तसेच अण्णा एकदा दुकानात आले. मास्तरांनी आयुष्यभर शिवणकाम केलेले, पण ते टाके पाहून त्यांनी मान फिरवली. यथावकाश टाके निघाले, जखम भरली, आणि तिच्या जागी बुबुळावर पांढऱ्या डागाचे फूल पडले. त्या डोळ्याने अण्णांना आता उजेड आणि सावली कळते. धार कळत नाही. डावा डोळा तेवढा शाबूत आहे. त्यात रोज थेंब घालायचे आणि रोज आरशात लाली बघायची, असे बाईंनी बजावले आहे.

थोरलीने चाक हाती घेतले. आधी तिने खिळ्यावरचा गॉगल धुतला. कोळ्याला घर सोडावे लागले. मग भिंतीवरच्या चिठ्ठीची पट्टी सोलून काढली. खाली ओळ निघाली: 'डोळे फार कोरडे. पुढच्या भागाची तपासणी वेगळी करून घ्यावी.' तिने ती मोठ्याने वाचली नाही. चिठ्ठीची घडी करून पदराशी बांधावी तशी मुठीत आवळून धरली.

मी अगदीच लहान झालो म्हणून मला उतरवून खिडकीत ठेवले. अण्णा शेजारी स्टुलावर बसायचे. एक दिवस त्यांनी मला उचलले आणि माझ्या कडेवरून अंगठा फिरवला. मला वाटले, आता हे मला गटारात फेकून देणार. फेकले असते तर मी रागावलो नसतो.

"तुझा काय दोष?" ते म्हणाले. "तू खुपलाच असशील. मलाच ऐकू आलं नाही."

मित्रांनो, दगडाला रडू येत नाही, हे किती बरे आहे आणि किती वाईट, ते मला त्या दिवशी कळले.

त्यानंतर अण्णांनी एक नवाच प्रकार सुरू केला. कुणी हत्यार घेऊन आले की थोरली ते हातात घ्यायच्या आधी अण्णा विचारायचे, "डोळ्यात शेवटचं कधी खुपलं?" लोकांना आधी गंमत वाटली. सुतार म्हणाला, "कालच! अजून पाणी गळतंय." "शाब्बास!" अण्णा ओरडले, आणि सुतार उगाचच लाजला. माळ्याने सकाळचाच कचरा सांगितला, त्यालाही शाबासकी मिळाली.

मग मास्तर आले. "वस्ताद, मला नाही विचारलंस?" ते हसत म्हणाले.

"सांग की. शेवटचं कधी खुपलं?"

मास्तर आठवू लागले. त्यांच्या दुकानात दिवसभर कापसाचे तंतू उडतात, सुताची भुकटी हवेत तरंगते. त्यांनी छताकडे पाहिले, बोटांवर मोजले. "गेल्या महिन्यात... नाही. त्याच्या आधी..." हसणे ओसरले. "हल्ली खुपतच नाही रे. मला वाटलं, बरं झालं."

थोरलीने मोटार बंद केली. नवा दगड हळूहळू थांबला. अण्णा उठले, मास्तरांच्या अगदी जवळ गेले आणि आपला एकच चांगला डोळा त्यांच्या डोळ्याशी नेला. मास्तरांचा डोळा लालसर होता.

"कात्री ठेव खाली," अण्णा म्हणाले. "चल माझ्याबरोबर. आणि चपला दोन्ही पायांत आहेत का बघ."

मास्तरांनी खरेच खाली वाकून पाहिले. कुणी हसले नाही. एका डोळ्याचा माणूस दोन डोळ्यांच्या माणसाचा हात धरून उन्हातून गेला. मास्तरांच्या पापणीआड एक तंतू सापडला, कधीचा कुणास ठाऊक. जखम अजून वरवरची होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आठवडाभर उशीर झाला असता तर अवघड होते.

मित्रांनो, तुमच्या घरात कुणाला साखर असेल, तर पडद्याची चिठ्ठी हातात आल्यावर डोळ्याच्या पुढच्या भागाचेही विचारा. लाल डोळ्याचा माणूस हसून "दुखत नाही" म्हणाला, तर त्या हसण्यावर जाऊ नका, त्याला हाताला धरून न्या. दुखणे हा शत्रू नाही. ते दारावरची थाप आहे, आणि अण्णांच्या दारावर मी नऊ दिवस थाप मारत होतो.

आता माझे आयुष्य फारसे उरलेले नाही. कधी वाऱ्याने, कधी झाडूने माझा एखादा सैल कण सुटतो आणि खिडकीतून बाहेर जातो. प्रत्येकाला निघताना मी एकच सांगतो. बाळा, कुणाच्या डोळ्यात गेलास, तर खुप. जोरात खुप.